बोलण्याआधी ऐका : बिनतारी जाळ्याची जन्मकथा

शाळेच्या कार्यालयात बिनतारी जाळे बसवून देणारा तंत्रज्ञ येतो आणि तासाभरात काम उरकून जातो. भिंतीवर उंचशी जागा पाहून एक पांढरी डबी बसवायची, स्विचकडून आणलेली नेटवर्क केबल तिला जोडायची, वीज द्यायची आणि संगणकावर त्या डबीचे पान उघडून काही रकाने भरायचे : देश, चॅनेल, सुरक्षेचा प्रकार, पासवर्ड, जाळ्याचे नाव. एवढे झाले की कार्यालयातले लॅपटॉप, मोबाइल, प्रिंटर तारेवाचून एकमेकांशी बोलू लागतात. या डबीला ॲक्सेस पॉइंट म्हणतात. घरच्या राऊटरच्या पोटात ती आधीच बसवलेली असते, त्यामुळे तिचे वेगळे नाव फारसे कानी पडत नाही. कार्यालयात मात्र राऊटर एक आणि अशा डब्या अनेक, असा प्रकार असतो.

रकाने भरताना तंत्रज्ञ बहुतेक ठिकाणी ‘ऑटो’ निवडतो आणि पुढे सरकतो. त्यात त्याचे काही चुकते असे नाही. पण आपण त्या रकान्यांपाशी थोडे थांबायला हवे, कारण त्यांतले बरेचसे एकाच जुन्या प्रश्नातून जन्मले आहेत. हा प्रश्न वर्गात रोज पडतो. हवा एक, बोलणारे चाळीस; कोणी केव्हा बोलायचे?

हवाई बेटांवरची पाकिटे

हवाई विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर होता आणि विद्यापीठाच्या शाखा मात्र वेगवेगळ्या बेटांवर विखुरलेल्या. टेलिफोनच्या तारा महाग आणि भरवशाच्या नव्हत्या. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८मध्ये रेडिओ लहरींवरून संगणक जोडण्याचे काम हाती घेतले आणि १९७१च्या जूनमध्ये त्यांचे ‘अलोहा’ जाळे सुरू झाले. दोन वारंवारता होत्या. एक सर्व दूरच्या यंत्रांनी मध्यवर्ती केंद्राकडे बोलण्यासाठी, दुसरी केंद्राने त्यांना उत्तर देण्यासाठी. मध्यवर्ती केंद्रातल्या छोट्या संगणकाचे नाव मेनेहुने, म्हणजे हवाईच्या लोककथांतले रात्री गुपचूप काम करणारे बुटके.

माहिती तुकड्यातुकड्यांनी, पाकिटे करून पाठवली जाई. एका पाकिटात ७०४ बिट आणि वेग सेकंदाला ९,६०० बिट. म्हणजे एक पाकीट जायला साधारण ७३ मिलिसेकंद लागत. खरी गंमत पुढे आहे. कोणी केव्हा बोलायचे याचा नियमच अब्रॅमसन यांनी ठेवला नाही. ज्याला बोलायचे आहे त्याने बोलावे. केंद्राकडून पोच आली तर ठीक. नाही आली तर कोणाशी तरी टक्कर झाली असे समजावे, कितीही असा मनमानी वेळ थांबावे आणि पुन्हा बोलावे.

‘मनमानी’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसे एकाच वेळी एकाच बाजूला सरकतात, मग पुन्हा एकाच वेळी दुसऱ्या बाजूला, हा अनुभव सर्वांचा आहे. दोघांचा थांबण्याचा वेळ सारखा असला तर टक्कर कधी सुटतच नाही. म्हणून यंत्राने जणू फासा टाकायचा आणि पडेल तितका वेळ थांबायचे.

हे वर्गात करून पाहता येते. आठ मुलांना डोळे मिटून उभे करा. प्रत्येकाने एका मिनिटात स्वतःचे नाव तीनदा सांगायचे, पण केव्हा ते ज्याचे त्याने ठरवायचे. दोन नावे एकमेकांवर आदळली तर दोन्ही बाद. आदळलेल्या मुलांनी फासा टाकून तितक्या टाळ्या मनात मोजायच्या आणि मग पुन्हा बोलायचे (टाकण्यापुरते डोळे उघडायला हरकत नाही). मग हाच खेळ वीस मुलांना घेऊन करा. एका मर्यादेपर्यंत बोलणारे वाढले की पोहोचणारी नावेही वाढतात. त्यापलीकडे बोलणारे वाढले की पोहोचणारी नावे कमी होतात आणि उरतो तो गोंगाट.

ही मर्यादा अब्रॅमसन यांनी गणिताने काढली होती. आपले पाकीट सुखरूप जायचे तर ते जात असताना दुसरे कोणी सुरू होता कामा नये आणि त्याच्या आधी एका पाकिटाइतक्या वेळातही कोणी सुरू झालेले असता कामा नये. म्हणजे धोक्याचा काळ पाकिटाच्या दुप्पट. यावरून वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के भागच कामी येतो, असे उत्तर निघते. १९७२मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी सुचवले की वेळेचे सारखे तास पाडावेत, शाळेच्या वेळापत्रकासारखे, आणि प्रत्येकाने तासाच्या ठोक्यालाच सुरुवात करावी. तेवढ्याने मर्यादा दुप्पट होऊन ३७ टक्क्यांवर गेली.

१८ टक्के ऐकून नाक मुरडावेसे वाटते. पण टंकफलकापाशी बसलेला माणूस बहुतेक वेळ गप्पच असतो, हे लक्षात घेतले पाहिजे. प्रत्येकासाठी कायमची वेगळी वाट राखून ठेवली असती तर ती बहुतेक वेळ रिकामीच पडली असती. अधूनमधून बोलणाऱ्यांसाठी गोंधळ थोडा सोसणे स्वस्त पडते, हे ओळखण्यात अब्रॅमसन यांचा मोठेपणा आहे असे मला वाटते.

अब्रॅमसन यांचा लेख रॉबर्ट मेटकाफ या तरुण अभियंत्याने वाचला. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात एकाच इमारतीतले संगणक जोडायचे होते. २२ मे १९७३ रोजी मेटकाफ यांनी एक टिपण लिहिले आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ते प्रत्यक्षात आणले. सुधारणा दोनच : बोलण्याआधी वाहिनी मोकळी आहे का ते ऐकायचे आणि बोलताना दुसऱ्याचा आवाज कानी पडला तर तत्काळ थांबायचे. वेग सेकंदाला २९ लाख ४० हजार बिट. मध्ये हवेऐवजी एक जाड तार होती, तरी मेटकाफ यांनी नाव ठेवले ‘ईथरनेट’. प्रकाश वाहून नेणारे विश्वव्यापी ईथर मायकेलसन आणि मॉर्ली यांना १८८७च्या प्रयोगात सापडले नाही, हे आपण अकरावी-बारावीला शिकवतो. ते तारेच्या नावात असे उरले. आपल्या पांढऱ्या डबीला जोडलेली केबल ती हीच ईथरनेट. आज स्विचमुळे प्रत्येक संगणकाला स्वतंत्र तार मिळते आणि तारेवरच्या टकरी बंद झाल्या आहेत. हवेतल्या मात्र नाहीत.

परवान्याविना हवा

तारेचा मालक असतो. हवेतल्या लहरींचे मालक कोण? जगभर याचे उत्तर ‘सरकार’ असे होते. आपल्याकडे १९३३च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले होते. घरात रेडिओ ठेवण्यासाठी टपाल कार्यालयात दरवर्षी पैसे भरून परवाना नवा करावा लागे, हे ज्येष्ठ शिक्षकांना आठवत असेल. अमुक वारंवारता अमक्याची, इतरांनी तिथे तोंड उघडायचे नाही, अशी ती व्यवस्था.

या व्यवस्थेत एक टाकाऊ पट्टा होता. १९४७मध्ये अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतल्या यंत्रांसाठी काही वारंवारता बाजूला काढल्या गेल्या. ही यंत्रे संदेश पाठवत नाहीत, केवळ तापवतात आणि तापवताना लहरी सांडतात. रडारच्या मॅग्नेट्रॉनपासून पर्सी स्पेन्सर यांनी तयार केलेली मायक्रोवेव्ह भट्टी ही त्यांतलीच. तिच्यासाठी २,४५० मेगाहर्ट्झच्या आसपासची जागा आली. (पाण्याचा रेणू नेमक्या याच वारंवारतेला अनुनाद देतो म्हणून ती निवडली, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते खरे नाही. द्रवरूप पाणी सर्वांत जास्त शोषण करते ते सुमारे २० गिगाहर्ट्झच्या परिसरात. २.४५ला शोषण बेताचे असते, म्हणूनच लहरी बटाट्याच्या सालीवर न थांबता काही सेंटिमीटर आत शिरतात.)

भट्ट्यांच्या गोंगाटामुळे या पट्ट्यात संदेशवहनाला कोणी फिरकत नसे. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगातले अभियंते मायकेल मार्कस यांनी त्याच्या वापराचा आग्रह धरला आणि ९ मे १९८५ रोजी आयोगाने असे तीन पट्टे विनापरवाना संदेशवहनाला खुले केले : ९०२ ते ९२८, २,४०० ते २,४८३.५ आणि ५,७२५ ते ५,८५० मेगाहर्ट्झ. अटी अशा की शक्ती १ वॉटपेक्षा जास्त नको, संदेश एकाच वारंवारतेवर न ठेवता रुंद पट्ट्यावर पसरलेला हवा, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर तक्रार करायची नाही.

पसरलेल्या संदेशाची गोष्ट निघाली की हेडी लामार या चित्रपट अभिनेत्रीचे नाव येतेच. तिने आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२मध्ये पाणतीरासाठी उड्या मारत वारंवारता बदलण्याच्या युक्तीचे एकस्व मिळवले होते. पियानोच्या पट्ट्यांइतक्या ८८ वारंवारता त्यात सुचवल्या होत्या. कल्पना देखणी आहे. पण ‘वाय-फायचा शोध हेडी लामारने लावला’ हे म्हणणे फार ताणलेले आहे. वाय-फाय घरोघर गेले ते उड्या मारण्याच्या पद्धतीने नव्हे, दुसऱ्या पद्धतीने.

१९८५च्या निर्णयाचे पहिले मोठे गिऱ्हाईक होते दुकानाचा गल्ला. गल्लायंत्रे बनवणाऱ्या एनसीआर कंपनीपुढे अडचण अशी की मोठ्या दुकानांत मांडणी सतत बदलते आणि दर वेळी यंत्रांच्या तारा नव्याने ओढाव्या लागतात. तिच्या नेदरलँड्समधल्या अभियंत्यांनी बिनतारी जोडणी तयार केली. पण प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी राहिली तर हे तंत्र दुकानापलीकडे जाणार नाही, हे ओळखून एक सामायिक मानक ठरवण्यासाठी १९९०मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेत ‘८०२.११’ ही समिती बसली. अध्यक्ष होते एनसीआरचेच व्हिक हेज. मानक बाहेर पडायला १९९७ उजाडले.

सात वर्षे का लागली असावीत, याचा अंदाज प्रश्नाच्या अवघडपणावरून येतो. तारेवर बोलता बोलता टक्कर ऐकू येते. हवेत ती ऐकूच येत नाही. डबी १०० मिलिवॉट शक्तीने बोलत असेल, तर दूरच्या लॅपटॉपचा आवाज तिच्यापर्यंत पोहोचेतो त्याच्या शंभर कोटीव्या भागाइतका क्षीण होऊ शकतो. ढोल बडवता बडवता मागच्या बाकावरची कुजबुज ऐकण्यासारखे ते आहे. तेव्हा टक्कर ओळखण्याऐवजी ती टाळायची. आधी ऐकायचे. शांतता असली तरी लगेच बोलायचे नाही, थोडे थांबायचे. वाहिनी आधी व्यग्र होती असे आढळले तर फासा टाकायचा. १९९९च्या मानकात तो ० ते ३१ असा आहे आणि एकेक घर २० मायक्रोसेकंदांचे. टक्कर झाली तर फासा दुप्पट मोठा घ्यायचा. पोहोचल्यावर समोरच्याने पोच द्यायची, अगदी अलोहासारखी.

तरीही एक पेच उरतो. लांब व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन मुले उभी आहेत आणि शिक्षक मधोमध. मुलांना एकमेकांचे ऐकू येत नाही, शिक्षकांना दोघांचेही येते. दोघेही ‘शांतता आहे’ असे समजून एकदमच बोलतात. यावर तोडगा असा की मुलाने आधी ‘बोलू का?’ एवढेच विचारायचे आणि शिक्षकांनी ‘बोल, इतरांनी गप्प’ असे मोठ्याने सांगायचे. ते दोघांनाही ऐकू जाते. मधल्या डबीचे स्थान मोक्याचे का, हे यावरून कळते. ती मधोमध आणि उंचावर हवी. लोखंडी कपाटाच्या मागे किंवा कोपऱ्यातल्या टेबलाखाली नको. शक्ती कमाल करून ठेवण्याचाही उपयोग नसतो. डबीचा आवाज मैदानापर्यंत गेला, तरी मैदानातल्या मोबाइलचा आवाज डबीपर्यंत यायला हवा ना!

१९९७चा वेग सेकंदाला १० ते २० लाख बिट एवढाच होता. १९९९च्या सुधारित मानकाने तो १ कोटी १० लाखांवर नेला. त्याच वर्षी जुलैत ॲपल कंपनीने आयबुक हा लॅपटॉप आणि त्याच्यासोबत २९९ डॉलरची बिनतारी डबी बाजारात आणली आणि गल्ल्यासाठी निघालेली वस्तू घरात शिरली. ‘वाय-फाय’ हे नावही तेव्हाचेच. ते एका जाहिरात-नामकरण संस्थेकडून घेतलेले आहे; कुठल्याही शब्दांचे ते संक्षिप्त रूप नाही.

आता देश आणि चॅनेल हे रकाने समजायला सोपे जातात. २,४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेलची केंद्रे ५-५ मेगाहर्ट्झवर आहेत, पण एक संभाषण सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा घेते. म्हणजे १३ चॅनेल दिसतात, तरी एकमेकांवर न सांडणारी तीनच : १, ६ आणि ११. शेजारच्या खोलीतली डबी ६वर असेल आणि आपण ‘गर्दी नको’ म्हणून ७ घेतला, तर ते सर्वांत वाईट. एकाच चॅनेलवर असलेल्या डब्या निदान एकमेकींचे ऐकून पाळीने बोलतात. अर्धवट सांडणाऱ्या चॅनेलवर एकीला दुसरीचे बोलणे म्हणजे नुसता खरखराट. देश विचारायचा तो अशासाठी की कोणता पट्टा किती शक्तीने खुला, हे ज्याच्या त्याच्या कायद्यावर अवलंबून असते. भारतात २,४०० मेगाहर्ट्झचा पट्टा २००५च्या जानेवारीत नियम काढून परवानामुक्त झाला, म्हणजे अमेरिकेनंतर वीस वर्षांनी. ५ गिगाहर्ट्झच्या परिसरातला बराच रुंद पट्टा २०१८च्या ऑक्टोबरमध्ये मिळाला. मधल्या काळात, २०१६च्या जानेवारीत, मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गूगल यांनी प्रवाशांसाठी फुकट वाय-फाय सुरू केले होते.

तारेइतकी गोपनीयता

पाळीच्या नियमांवर एवढा विचार करणाऱ्यांचा हात गोपनीयतेच्या बाबतीत मात्र तोकडा पडला. हवेत बोललेले सर्वांना ऐकू येते. तेव्हा मानकात कूटलेखनाची सोय दिली गेली, नाव ‘डब्ल्यूईपी’. ‘तारेइतकी गोपनीयता’ असा त्याचा अर्थ. गुप्त किल्ली ४० बिटांची होती, कारण त्या काळी अमेरिकेतून याहून बळकट कूटलेखन निर्यात करण्यावर बंधने होती. पण खरा दोष दुसरीकडेच होता. प्रत्येक पाकिटासाठी किल्लीला २४ बिटांचा एक बदलता आकडा जोडला जाई. असे आकडे १,६७,७७,२१६. पुष्कळ वाटतात, नाही? सेकंदाला १ कोटी १० लाख बिट या वेगाने १,५०० बाइटची पाकिटे सतत गेली तर एका पाकिटाला सुमारे १.०९ मिलिसेकंद लागतो. गुणाकार केला तर सगळे आकडे ५ तासांत संपतात आणि पुन्हा पहिल्यापासून वापरावे लागतात. हा गुणाकार मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. एकाच आकड्याची दोन पाकिटे हाती लागली की कूट उलगडायला सुरुवात होते. २००१मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी याहून पुढे जाऊन दाखवले की काही विशिष्ट आकड्यांमधून मूळ किल्लीच झिरपते.

२००३मध्ये तात्पुरती दुरुस्ती आणि २००४मध्ये पक्की सुधारणा आली. तिला बाजारात ‘डब्ल्यूपीए-२’ म्हणतात. पण बसवलेल्या डब्या कोण बदलणार? अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानसाखळीच्या संगणकांत २००५च्या जुलैपासून चोर शिरलेले होते. २००७मध्ये ते उघड झाले तेव्हा साडेचार कोटींहून अधिक पतपत्रांचे क्रमांक गेल्याचे निष्पन्न झाले. कॅनडाच्या गोपनीयता आयुक्तांच्या अहवालाने ठपका ठेवला तो दुकानांतल्या बिनतारी जाळ्यात चालू राहिलेल्या डब्ल्यूईपीवर. ज्या गल्ल्यासाठी हे तंत्र जन्मले, त्याच गल्ल्यातून चोरी झाली.

शाळेच्या कार्यालयात पतपत्रे नसतात, पण मुलांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले, पालकांचे मोबाइल आणि गुणपत्रके असतात. म्हणून सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-३ (हा २०१८चा) मिळत असेल तर तो, नाहीतर डब्ल्यूपीए-२. त्याहून जुने काही नको. पासवर्ड लांब हवा. डबीचे पान उघडण्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवावे. २०१७मध्ये मॅथी व्हानहूफ यांनी डब्ल्यूपीए-२मध्येही एक फट दाखवली होती. ती डबीच्या आणि उपकरणांच्या सॉफ्टवेअरमध्ये बुजवता आली, पण ज्यांनी ते कधी अद्ययावत केलेच नाही त्यांच्याकडे ती तशीच राहिली.

राहिला नावाचा रकाना. डबी आपले नाव सेकंदाला साधारण दहा वेळा पुकारत असते आणि हे पुकारणे बहुधा सर्वांत मंद वेगाने होते, म्हणजे जुन्यातल्या जुन्या यंत्रालाही कळावे. एकाच डबीतून दहा नावे पुकारायला लावली तर पुकारण्यातच पुष्कळ वेळ जातो. कार्यालय, शिक्षक आणि पाहुणे अशी तीन पुरतात. नावाला मानकाने ३२ बाइट जागा दिली आहे. रोमन लिपीतल्या एका अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीत प्रत्येक व्यंजन, काना, वेलांटी आणि हलन्त यांना प्रत्येकी तीन. त्यामुळे ‘शिक्षक कक्ष’ हे नाव मधली मोकळी जागा धरून ३१ बाइटांत नेमके बसते. ‘मुख्याध्यापक’ला ३६ लागतात, ते बसत नाहीत.